जैवमिथेनची वायुजाळ्याशी जोडणी आणि सुधारणाखर्चाची वाटणी : खानदेशच्या संदर्भात एक विवेचन

शेतातील व कारखान्यांतील सेंद्रिय अवशेष कुजवून मिळणारा वायू शुद्ध करून नगरातील वायुवितरणाच्या जाळ्यात सोडावयाचा म्हटले, म्हणजे दोन प्रकारचे खर्च उपस्थित होतात. पहिला खर्च प्रकल्पापासून जाळ्यापर्यंतच्या जोडवाहिनीचा. हा डोळ्यांना दिसतो, त्याचा लाभ कोणाला होतो हे उघड असते आणि त्याविषयी फारसा वाद होत नाही. दुसरा खर्च जाळ्याच्या आत करावयाच्या सुधारणांचा. आधीपासून असलेल्या नळ्यांना नवा वायू सामावून घेता यावा म्हणून कोठे दाब वाढविणारे यंत्र बसवावे लागते, तर कोठे दोन सुट्या जाळ्यांना जोडणारी वाहिनी टाकावी लागते. या सुधारणेचा लाभ एकापेक्षा अधिक उत्पादकांना होतो. मात्र तिची गरज कोणा एकाच्या आगमनाने निर्माण होते. खर्च कोणी सोसावयाचा हा प्रश्न येथे खरा अवघड होतो, व प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

जैववायूचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. मुंबईतील माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ साली मैल्यापासून वायू काढण्याचा प्रयोग झाला होता, आणि स्वातंत्र्योत्तर काळात खादी व ग्रामोद्योग आयोगाने ‘गोबर गॅस’ हा शब्द खेडोपाडी नेला. परंतु तो वायू जेथे निघे तेथेच जळे. कच्च्या जैववायूत मिथेनचे प्रमाण साधारणतः ५५ ते ६० टक्के असते. उरलेला भाग मुख्यतः कर्बद्विप्राणिल वायूचा. तो वेगळा काढून मिथेनचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर नेले, गंधक व बाष्प घालविले, म्हणजे तोच वायू नैसर्गिक वायूची जागा घेऊ शकतो. भारतीय मानक १६०८७ मध्ये या शुद्ध वायूचे निकष दिले आहेत. त्यांतील प्राणवायूची मर्यादा अर्धा टक्का एवढीच आहे, हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. पाचकटाकीत थोडी हवा सोडून गंधक काढण्याची स्वस्त युक्ती अनेक ठिकाणी वापरतात. पण त्या हवेतील नत्रवायू पुढे सहजी वेगळा होत नाही, आणि जाळ्याच्या प्रवेशद्वाराशी सगळा माल नाकारला जातो.

केंद्र शासनाने १ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘सतत’ नावाची योजना आरंभिली. २०२३-२४ पर्यंत ५,००० प्रकल्प आणि वर्षाला दीड कोटी टन वायू हे तिचे उद्दिष्ट होते. ते त्या मुदतीत फारच दूर राहिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये नगर वायुवितरण कंपन्यांवर मिश्रणाचे बंधन जाहीर झाले : २०२५-२६ साठी १ टक्का, पुढे अनुक्रमे ३ व ४ टक्के, आणि २०२८-२९ पासून ५ टक्के. प्रकल्पापासून जाळ्यापर्यंत वाहिनी टाकण्यास साहाय्य म्हणून २०२३-२४ ते २०२५-२६ या काळासाठी ९९४ कोटी ५० लक्ष रुपयांची वेगळी तरतूदही करण्यात आली. यांपैकी पहिली योजना उत्पादनाला उत्तेजन देते, दुसरी मागणी निर्माण करते व तिसरी दोहोंना जोडते. जाळ्याच्या आतल्या सुधारणेचा भार कोणत्या प्रमाणात वाटावा हा प्रश्न मात्र या तिन्हींच्या मधल्या फटीत राहतो.

आता खानदेशकडे वळू. कच्च्या मालाची येथे वाण नाही. रावेर-यावल पट्ट्यातील केळीचे घड कापून नेल्यावर खोडे शेतातच राहतात. त्यांत नऊ दशांशांहून अधिक पाणी असल्यामुळे ती दूर वाहून नेणे परवडत नाही, म्हणजे प्रकल्प केळीजवळच उभारावा लागतो. साखर कारखान्यांची मळी गाळपाच्या हंगामापुरतीच ताजी मिळते. कपाशीच्या पऱ्हाट्या विपुल खऱ्या, परंतु त्यांतील काष्ठद्रव्य जिवाणूंना पचत नाही. पूर्वसंस्काराशिवाय त्या जैववायूच्या उपयोगाच्या नाहीत, आणि कागदावरील अंदाजांत त्यांचा आकडा शेणाच्या आकड्याशी मिळविलेला दिसला तर सावध व्हावे. जळगावच्या जैन उद्योगसमूहाने फळप्रक्रियेतील अवशेषांपासून जैववायू काढून त्यावर वीजनिर्मिती केलेली आहे. जेथे वायूचा उपयोग आवारातच होतो तेथे जाळ्याचा प्रश्नच येत नाही.

जाळ्याची स्थिती मात्र वेगळी आहे. मुंबई-नागपूर-झारसुगुडा ही मोठी वायुवाहिनी समृद्धी महामार्गाच्या कडेने, म्हणजे खानदेशच्या दक्षिणेकडून जाते. तापीच्या खोऱ्यातील वितरण ही तुलनेने नवी गोष्ट होय. पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने नवव्या फेरीत, २०१८ साली, वलसाड, धुळे व नाशिक हे एक क्षेत्र करून ते महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेडकडे दिले. जळगावचे क्षेत्र अकराव्या फेरीत, २०२२ साली, इंडियन ऑइलकडे गेले. एकाच खोऱ्याचे हे दोन भाग दोन निरनिराळ्या कंपन्यांकडे आहेत, या गोष्टीकडे आपल्याला पुन्हा यावे लागेल.

जाळ्यात वायू किती मावतो, हे नळीच्या जाडीपेक्षा ग्राहकांच्या मागणीवर अधिक अवलंबून असते. दिवसाला ५ टन वायू देणारा प्रकल्प घेऊ. शुद्ध जैवमिथेनची घनता दर घनमीटरला सुमारे ०.७३ किलोग्रॅम धरली, तर हे उत्पादन दिवसाला ६,८५० घनमीटर, म्हणजे तासाला सुमारे २८५ घनमीटर होते. एक कुटुंब स्वयंपाकासाठी दररोज अर्धा घनमीटर वायू वापरते असे मानल्यास या एका प्रकल्पास साडेतेरा हजारांहून अधिक चुली लागतात. त्यातही चुली सकाळ-संध्याकाळ पेटतात. प्रकल्पातील जिवाणू रात्री दोन वाजताही काम करीत असतात. तेव्हा विचार सरासरी मागणीचा न करता किमान मागणीचा करावयास हवा.

मधल्या तासांत वायू नळ्यांतच साठवून ठेवता येणार नाही काय? थोडा हिशेब करू. १२५ मिलिमीटर व्यासाच्या पॉलिएथिलीन नळीचे आतील आकारमान किलोमीटरला सुमारे ८ घनमीटर असते. दाब २ बारपासून ४ बारपर्यंत वाढू दिला तर किलोमीटरमागे अवघे १६ घनमीटर वायू अधिक राहतो. अशा ५० किलोमीटर जाळ्यात आपल्या प्रकल्पाचे तीन तासांचेही उत्पादन मावत नाही. याउलट ८ इंची पोलादी वाहिनीत दाब १६ बारवरून २६ बारवर जाऊ दिला तर किलोमीटरमागे सुमारे ३३० घनमीटर साठतात, आणि २० किलोमीटरांत जवळजवळ एका दिवसाचे उत्पादन राहू शकते. (या पॉलिएथिलीन नळ्यांच्या उद्योगाचे जळगाव हे नामांकित केंद्र आहे, हा योगायोग मौजेचा.) म्हणून पॉलिएथिलीनच्या जाळ्यातील जादा वायू पोलादी वाहिनीत उलट चढविणारे दाबयंत्र ही सुधारणांपैकी सर्वांत महत्त्वाची सुधारणा ठरते. प्रकल्पाने थेट पोलादी वाहिनीशी जोडून घेतले तर हे यंत्र टळते, परंतु जोडवाहिनी लांबते आणि वायू अधिक दाबाने द्यावा लागतो.

खर्चाच्या वाटणीचे मर्म एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका परिसरातील जाळ्याची किमान मागणी तासाला ३०० घनमीटर आहे. तेथे अ, ब आणि क असे ५ टनी तीन प्रकल्प क्रमाने येऊ पाहतात. दाबयंत्रास ६ कोटी रुपये लागतात व त्यामुळे ६०० घनमीटरांची जागा नव्याने होते. ‘ज्याच्यामुळे सुधारणा करावी लागली त्याने पैसे भरावे’ हा नियम वरकरणी न्याय्य दिसतो. पण त्याचा परिणाम पाहा. अ हा आधीच्या रिकाम्या जागेत फुकट शिरतो. ब याच्यावर सगळे ६ कोटी पडतात. क येतो तेव्हा यंत्र बसलेले असते, त्यालाही काही द्यावे लागत नाही. या विषयावरील चर्चेत पहिल्या येणाऱ्याच्या अडचणीचा उल्लेख वारंवार होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते अडचण पहिल्याची नसून दुसऱ्याची आहे. दुसरा होण्यास कोणीच तयार होत नाही, व त्यामुळे तिसराही येत नाही. वाचलेला वायू २०० बारांच्या सिलिंडरांत भरून मोटारीने नेण्याचा मार्ग उरतो. ३,००० लिटरांच्या संचात सुमारे पाचशे किलोच वायू जातो. म्हणजे ५ टनांस रोज दहा खेपा, आणि त्या डिझेलवर.

यावर परदेशांत दोन प्रकारे उपाय झाले. जर्मनीच्या २०१० सालच्या नियमांनी जोडणीच्या खर्चाचा ७५ टक्के भाग जाळेचालकावर टाकला होता. एक किलोमीटरपर्यंतच्या जोडणीत उत्पादकाचा वाटा अडीच लक्ष युरोंपेक्षा अधिक होऊ द्यावयाचा नाही, आणि दहा किलोमीटरांपुढचा खर्च मात्र त्याचाच, असे ठरले होते. चालकांचा भार पुढे देशातील सर्व ग्राहकांवर पसरविला गेला. उत्पादकाला निश्चिती मिळाली; पण प्रकल्प जाळ्याच्या दृष्टीने सोयीच्या ठिकाणी उभारण्याची प्रेरणा त्यामुळे क्षीण झाली, असे म्हणावे लागते. फ्रान्सने २०१८ च्या कायद्याने ‘वायुप्रवेशाचा हक्क’ दिला, परंतु त्याला २०१९ मध्ये कसोटी जोडली : एखाद्या विभागातील सुधारणांचा एकूण खर्च तेथे अपेक्षित असलेल्या तासिक उत्पादनाने भागावा, आणि भागाकार दर घनमीटर-तासामागे ४,७०० युरोंच्या आत असेल तरच तो खर्च सर्वांवर वाटावा. येथे एकेका प्रकल्पाऐवजी विभाग हे हिशेबाचे एकक झाले, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

आपल्या उदाहरणाला विभागाचा हिशेब लावू. जुनी ३०० व नवी ६०० मिळून ९०० घनमीटरांची जागा; ६ कोटी तीवर वाटले तर दर घनमीटर-तासामागे सुमारे ६६,७०० रुपये येतात. प्रत्येक प्रकल्पाने, मग तो कोणत्याही क्रमाने येवो, १ कोटी ९० लक्ष भरावे. अ याने का भरावे असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर असे, की रिकामी जागा ही त्याने निर्माण केलेली नाही. ती ग्राहकांच्या मागणीने झालेली सामाईक वस्तू आहे.

आणि क आलाच नाही तर? तेव्हा २ कोटी २० लक्ष रुपये अंगावर राहतात. ते जाळेचालकाने दहा टक्के व्याजाने पंधरा वर्षांत वसूल करावयाचे ठरविल्यास वार्षिक हप्ता सुमारे २९ लक्ष होतो; कंपनीच्या संपूर्ण क्षेत्रात दिवसाला ५०,००० घनमीटर विक्री असेल तर घनमीटरमागे १६ पैसे पडतात. हाच धोका एकट्या ब याच्यावर टाकला तर त्याला बँक कर्ज देणार नाही. सोळा पैसे ग्राहकाने का सोसावेत, हा प्रश्न पोकळ नाही. जळगावातील ज्या गृहिणीच्या देयकात ते येतील तिला केळीच्या खोडांशी कर्तव्य नाही. म्हणून कमाल मर्यादेची कसोटी हवी. तीत न बसणाऱ्या विभागाने सिलिंडरांचा मार्ग पत्करावा, अथवा वायू औद्योगिक वसाहतीतील एखाद्या अखंड चालणाऱ्या बाष्पकाला थेट द्यावा. फ्रान्सचा ४,७०० चा आकडा, आजच्या दराने साडेचार ते पाच लक्ष रुपये, तसाच उचलणे मात्र चुकीचे होईल. तेथील खरेदीदर शासनाने आधार दिलेला आहे. येथील मर्यादा येथील विक्रीदरावरून काढावी लागेल. तसेच उत्पादकाकडूनही ठराविक वर्षे वायू देण्याची अनामत घेतली पाहिजे, नाहीतर यंत्र बसवून मळीची वाट पाहत बसण्याचा प्रसंग येईल.

सामाईक वाहिनीचा भार लाभाच्या प्रमाणात वाटणे खानदेशास नवे नाही. पांझरेच्या खोऱ्यातील फड पद्धतीत बंधारा व पाट सर्वांचा, आणि त्यांच्या दुरुस्तीचा भारही लाभधारकांचा असे. पाटाच्या तोंडाशी जमीन आहे म्हणून कोणाला सूट नव्हती. साम्य येथेच संपते, कारण फडातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहणारे, तर आपला क अद्याप कागदावरही नाही.

आता त्या दोन क्षेत्रांकडे. पारोळा व अमळनेर हे तालुके जळगाव जिल्ह्यात मोडतात, परंतु दोन्ही गावे जळगावपेक्षा धुळ्याला जवळ. अमळनेरच्या परिसरात प्रकल्प निघाला तर त्याला नजीकची मोठी मागणी धुळे शहर व अवधानच्या औद्योगिक वसाहतीची. पण एका कंपनीला दुसरीच्या क्षेत्रात वितरणाचे जाळे टाकता येत नाही. विभागवार हिशेबात असा परिसर दोन तुकड्यांत मोडतो, प्रत्येक तुकड्यात भाजक लहान होतो, आणि एकत्रित धरला असता कसोटीस उतरला असता तो विभाग दोन्हीकडे नापास होतो. यावर हद्दीवर एकच मापनस्थानक उभारून वायूची देवघेव करावी आणि सुधारणेचा खर्च दोन्ही कंपन्यांनी आपापल्या बाजूस मुरणाऱ्या वायूच्या प्रमाणात वाटून घ्यावा, हा मार्ग सुचतो. मापन मात्र घनमीटरांत न करता उष्णतेत करावे लागेल. समुद्रमार्गे आलेल्या वायूत ईथेन असते, जैवमिथेनमध्ये ते नसते, आणि त्यामुळे तेवढ्याच घनमीटरांत उष्णता कमी भरते. अशा स्थानकाचा खर्च कोणत्या खात्यावर टाकावयाचा, हे पहिला प्रकल्प अर्ज करण्यापूर्वी नियामक मंडळाने ठरविले तर अ, ब आणि क यांना आपला क्रम लपवीत बसण्याचे कारण राहणार नाही.