करार दोघांचा, बिल तिसऱ्याच्या नावे

आपल्या धंद्याचा एक साधा दस्तूर आहे. ज्याच्या खिशातून पैसा जायचा, त्याला शर्ती ऐकविल्याशिवाय सौदा पक्का होत नाही. सूत कोणाचे, पिकाचा दर काय, डागी माल निघाला तर तो कोणाच्या अंगावर, हे माग सुरू होण्यापूर्वीच बोलले जाते. परंतु सरकार आणि खासगी कंपनी भागीदारीत जे सौदे करतात, त्यात हा दस्तूर पाळला जात नाही. वीज, पाणी, रस्ते, पूल, पालिकेचे बाजार ही सर्व कामे आता अशा भागीदारीने होऊ लागली आहेत. करारावर सही सरकार आणि कंपनी अशा दोघांची असते. पैसा मात्र जातो तिसऱ्याचा, म्हणजे तुमचा-आमचा. या तिसऱ्याला कायद्यात जागा आहे काय, हा प्रश्न आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी आता विचारला पाहिजे.

भिवंडीचा हिशेब

यंत्रमागवाल्यांना सर्वात जवळचे उदाहरण भिवंडीचे आहे. महावितरणने तेथील वीजवितरण टोरंट पॉवर या कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून सोपविले आणि २६ जानेवारी २००७ पासून कंपनीने काम हाती घेतले. मुदत दहा वर्षांची होती. २०१७ मध्ये ती आणखी दहा वर्षांनी वाढविण्यात आली. त्या हिशेबाने ही दुसरी मुदत जानेवारी २०२७ पर्यंतची ठरते.

या सौद्याची गोम नीट समजून घ्यावी. कंपनी महावितरणकडून ठरलेल्या दराने वीज घेते आणि ग्राहकाकडून राज्य वीज नियामक आयोगाने ठरविलेल्या दराने पैसे वसूल करते. मधला फरक आणि गळतीत होणारी बचत हीच तिची कमाई. कंपनी आली तेव्हा भिवंडीतील गळती, चोरी व थकबाकी मिळून सुमारे ५८ टक्के होती. म्हणजे १०० युनिटे आत आली तर जेमतेम ४२ युनिटांचे पैसे हाती येत. पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास खाली आले. मीटर बदलले, ट्रान्सफॉर्मर बदलले, वीज अधिक नियमित मिळू लागली. हे मान्य करायला हवे. माग बंद पडून राहिला तर कारागिराची मजुरी बुडते आणि व्यापाऱ्याचा वायदा चुकतो. म्हणून अखंड वीज ही आपल्यासाठी लहान गोष्ट नाही.

परंतु त्याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. गळतीचा प्रत्येक टक्का कमी झाला की तो कंपनीच्या पदरात पडतो. मग मीटर तपासणी, दंडाची आकारणी आणि वसुली यांत सक्ती वाढणे ओघानेच आले. वीज कायदा २००३ चे कलम १२६ पाहा. अनधिकृत वापर ठरला आणि तो कधीपासूनचा हे कळत नसेल, तर मागील बारा महिन्यांची आकारणी होते, तीही दुप्पट दराने. त्याविरुद्ध अपील करायचे तर कलम १२७ प्रमाणे तीस दिवसांत, आणि निम्मी रक्कम आधी भरून. चोरी करणाऱ्याची बाजू आम्ही घेत नाही. प्रामाणिक ग्राहक त्याचाही बोजा वाहतो. पण आठ-दहा मागांच्या कारखानदाराने, त्याच्यावर चुकीची आकारणी झाली असेल तर, निम्मी रक्कम महिन्याभरात कोठून उभी करावी? आणि तपासणी करणाऱ्यालाच वसुलीतून नफा होत असेल, तर त्या तपासणीवर देखरेख कोणाची?

एका परंतुकावर उभा डोलारा

ही सारी व्यवस्था कायद्याच्या कोणत्या आधारावर उभी आहे? वीज कायद्याच्या कलम १४ मधील एका परंतुकावर. परवानाधारक आपल्या क्षेत्रातील एखाद्या भागाचे वितरण दुसऱ्यामार्फत करू शकतो आणि त्या दुसऱ्याला वेगळा परवाना लागत नाही, असे ते परंतुक सांगते. परवाना व जबाबदारी महावितरणकडेच राहते. बाकीच्या बहुतेक बाबी दोघांमधल्या करारनाम्यावर सोडलेल्या आहेत. ज्या शहराची वीज जाते, त्या शहराला करारात पक्ष म्हणून स्थान नाही.

यात धोका काय, ते आपल्याच राज्यात दिसले. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे २०११ मध्ये फ्रँचायझी आली आणि थकबाकीच्या वादात २०१४ मध्ये ती संपुष्टात आली. जळगावची २०१५ मध्ये संपली. नागपूरच्या काही भागातील कंपनीने २०१९ मध्ये काम सोडले आणि महावितरणला ते पुन्हा हाती घ्यावे लागले. कंपनी आली तेव्हा ग्राहकाला कोणी विचारले नाही. गेली तेव्हाही नाही. मालेगावात १ मार्च २०२० पासून अशीच व्यवस्था सुरू झाली, तीही वीस वर्षांसाठी. ज्या मुलाने त्या वर्षी मागावर बसायला सुरुवात केली, त्याची जवानी या करारात जाणार आहे.

पुलाचा धडा

हा प्रश्न केवळ विजेचा नाही. दिल्ली आणि नोएडा जोडणारा डीएनडी उड्डाणपूल २००१ मध्ये खुला झाला. १९९७ च्या करारात अशी शर्त होती की, कंपनीला प्रकल्पाच्या एकूण खर्चावर दरसाल वीस टक्के परतावा मिळावा, आणि कमी पडेल ती रक्कम खर्चातच मिळविली जावी. कोणत्याही मुनीमाला विचारा: असे खाते कधी तरी बंद होईल काय? मुद्दल फिटण्याऐवजी वाढतच जाणार. ऑक्टोबर २०१६ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने टोल थांबविला आणि २० डिसेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम केला. कंपनीचा खर्च व भरपूर नफा वसूल झालेला आहे आणि निविदेशिवाय दिलेले हे काम न्याय्य नव्हते, असे कोर्टाने म्हटले. न्याय झाला, पण तोवर पंधरा वर्षे लोक टोल भरीत राहिले होते.

कोल्हापुरातही महापालिकेच्या रस्त्यांसाठी तीस वर्षांच्या टोलचा करार झाला होता. शहर रस्त्यावर उतरले, मोठे आंदोलन झाले आणि २०१५ च्या अखेरीस सरकारने टोल रद्द केला. कंपनीची भरपाई मात्र सरकारी तिजोरीतून द्यावी लागली. ती तिजोरी कोणाची? सही करण्यापूर्वी जी चर्चा व्हायला हवी होती, ती सहीनंतर रस्त्यावर झाली, आणि तिची किंमतही जनतेनेच चुकविली.

कायदा कसा हवा

या भागीदाऱ्यांसाठी देशपातळीवर एकच सर्वसमावेशक कायदा नाही. धोरणे, नियमावल्या व नमुना करारनामे यांवर काम चालते. २०१५ मध्ये विजय केळकर समितीने आपल्या अहवालात स्वतंत्र नियामक असावेत आणि करार बदलण्याची स्पष्ट पद्धत असावी, अशा शिफारशी केल्या. काही राज्यांनी आपापले कायदे केले आहेत: गुजरातने १९९९ मध्ये, आंध्र प्रदेशाने २००१ मध्ये, बिहारने २००६ मध्ये, तामिळनाडूने २०१२ मध्ये. परंतु अशा कायद्यांचा मुख्य रोख प्रकल्प कसा मंजूर व्हावा आणि कंपनी कशी निवडावी यावर असतो. पैसे भरणाऱ्या तिसऱ्याचा विचार त्यात मागे पडतो.

आमच्या मते कायद्यात निदान पाच गोष्टी असाव्यात. पहिली, सही होण्यापूर्वी कराराचा मसुदा लोकांसमोर ठेवावा आणि त्यावर शहरातच जाहीर सुनावणी व्हावी. दुसरी, मसुदा लोकांच्या भाषेत असावा. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. कायद्याची मराठी आम्हाला दोनदा वाचावी लागते, मग इंग्रजीतील शेकडो पानांचा करार मागावरच्या कारागिराने कसा वाचावा? तिसरी, कंपनीच्या त्या कामापुरत्या हिशेबाची सरकारी तपासणी व्हावी. दिल्लीतील खासगी वीज कंपन्यांचे हिशेब कॅगने तपासावेत असा आदेश तेथील सरकारने २०१४ मध्ये काढला होता. ३० ऑक्टोबर २०१५ रोजी दिल्ली हायकोर्टाने तो रद्द केला. म्हणून ही तरतूद कायद्यातच स्पष्ट लिहिलेली हवी. चौथी, दंडाची आकारणी करणारा अधिकारी आणि वसुलीतून नफा मिळविणारा हे एकाच घरचे नसावेत. पाचवी, मुदत वाढविण्यापूर्वी मागील दहा वर्षांचा जमाखर्च जाहीर व्हावा. जुन्या अडत्याशी नवा व्यवहार करताना आपण आधी खाते पाहतोच ना?

तोवर आपण काय करावे

कायदा होईल तेव्हा होईल. आज हाती आहे ते सोडू नये. परवाना महावितरणचाच असल्याने फ्रँचायझीच्या ग्राहकालाही ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालाकडे दाद मागता येते. बिल थकले म्हणून वीज तोडायची असेल तर कलम ५६ प्रमाणे पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हे प्रत्येक कारखानदाराने ध्यानात ठेवावे. बिले व पावत्या वर्षानुसार बांधून ठेवाव्यात. आणि प्रत्येक शहराच्या यंत्रमाग संघटनेने माहिती अधिकाराखाली महावितरणकडे कराराची प्रत मागावी. अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. प्रत मिळाली की एखाद्या जाणकार वकिलाकडून तिचा सारांश मराठीत व उर्दूत करून घ्यावा आणि तो संघटनेच्या बैठकीत वाचून दाखवावा.

भिवंडीसाठी जानेवारी २०२७ ही तारीख महत्त्वाची आहे. मुदत वाढवायची, नवी निविदा काढायची की महावितरणने काम परत घ्यायचे, हे ठरविण्यापूर्वी सुनावणी घ्या, अशी लेखी मागणी संघटनांनी वेळेवर केली पाहिजे. भागीदारी वाईट नाही. आपले सारे व्यापार भागीदारीवरच चालतात. परंतु ज्या भागीदारीत पैसा घालणाऱ्याला वही पाहता येत नाही, तिला आपल्या बाजारात कोणी भागीदारी म्हणत नाही.