फुफ्फुसांना वळसा

जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका वाचक बाईंनी, किडनीच्या कॅन्सरची गाठ कधीकधी नाकात निघते या माझ्या लेखावर विचारलेला प्रश्न इतका नेमका आहे, की दोन ओळींत त्याची बोळवण करवत नाही. त्या विचारतात : किडनीतलं रक्त महाशिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला येतं आणि तिथून थेट फुफ्फुसांत जातं. मग किडनीच्या कॅन्सरच्या पेशी फुफ्फुसांतच अडकायला हव्यात. काही पेशंटची फुफ्फुसं स्वच्छ असताना गाठ नाकात कशी निघते?

बाईंनी बरोबर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय. केशवाहिनीतून तांबडी पेशीसुद्धा अंग चोरूनच जाते. कॅन्सरची पेशी तिच्याहून बरीच मोठी. बऱ्याच पेशंटमध्ये ती फुफ्फुसात अडकतेच, आणि म्हणून किडनीच्या कॅन्सरची दुय्यम गाठ सर्वाधिक वेळा तिथेच सापडते. पण ज्यांच्यात तसं होत नाही, त्यांचं काय?

याचं उत्तर शोधायला फिलाडेल्फियाला जावं लागतं. तिथल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ऑस्कर बॅटसन शरीररचनाशास्त्र शिकवत. त्यांना छळणारा प्रश्न प्रोस्टेटचा होता : हा कॅन्सर फुफ्फुसं सोडून कमरेच्या मणक्यांत कसा पोचतो? त्यांनी मृतदेहांत जननेंद्रियाच्या शिरेतून एक्स-रेवर दिसेल असा द्रव सोडला आणि तो कुठे जातो ते पाहिलं. द्रव ओटीपोटाच्या हाडांत आणि मणक्यांभोवतीच्या शिरांत पसरला. पुढे भूल दिलेल्या माकडांवर प्रयोग केले. पोट आवळून दाब वाढवला, की द्रव महाशिरेची वाट सोडून मणक्यांच्या शिरांकडे वळत होता. हे सगळं त्यांनी 1940 मध्ये ‘ॲनल्स ऑफ सर्जरी’त छापलं.

या शिरा काही बॅटसननी शोधल्या नव्हत्या. गिल्बर्ट ब्रेशे या फ्रेंच शरीररचनातज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच त्यांची देखणी चित्रं काढून ठेवली होती. शंभरेक वर्षं ती चित्रं पाहिली गेली, पण त्या शिरांतून रक्त कुठल्या दिशेने वाहतं हे कुणी मनावर घेतलं नाही. बॅटसननी ते घेतलं, म्हणून हे जाळं आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

या जाळ्याची गंमत अशी, की त्यातल्या शिरांना झडपाच नाहीत. पायाच्या शिरेत झडपा असतात, म्हणून रक्त वरच चढतं, मागे फिरत नाही. मणक्याभोवती तसला बंदोबस्त नाही. दाब जिकडे कमी, तिकडे रक्त. आपण खोकतो, शिंकतो, कुंथतो, जड बादली उचलतो, तेव्हा पोटातला दाब वाढतो आणि थोडं रक्त या आडवाटेला लागतं. मोठी वाहनं गावात न शिरता बाह्यवळणाने निघून जावीत, तसं ते फुफ्फुसांना वळसा घालून वर जातं. (खोकल्याने कॅन्सर पसरतो असा अर्थ कृपया काढू नका. हे आपल्या सर्वांच्या शरीरात रोज चाललेलं असतं.)

आता किडनी ते नाक हा रस्ता जोडू. किडनीची शीर, विशेषतः डावीकडची, कमरेच्या शिरांमार्फत या जाळ्याशी जोडलेली असते. जाळं मणक्यांच्या कडेने कवटीच्या तळापर्यंत चढतं आणि मेंदूभोवतीच्या शिरांना मिळतं. तिथून कवटीच्या छिद्रांतून बाहेर पडणाऱ्या बारीक शिरा मॅक्सिलरी सायनसच्या, म्हणजे गालाच्या हाडातल्या पोकळीच्या, मागच्या शिरांच्या गुंत्यात उतरतात. किडनीच्या कॅन्सरच्या नाक-सायनसमधल्या दुय्यम गाठी बऱ्याचदा मॅक्सिलरी सायनसमध्येच सापडतात.

माझ्या मते मात्र बॅटसन हे अर्धंच उत्तर आहे. पेशी पोचली कशी हे रस्ता सांगतो, ती तिथे रुजली का हे सांगत नाही. स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने 1889 मध्येच स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या शवविच्छेदनांच्या नोंदी तपासून बजावलं होतं, की पेशी सगळीकडे पोचत असल्या तरी मानवेल तिथेच वाढतात. रस्ता आणि जागा, दोन्ही जुळावं लागतं.

आणि किडनीच्या कॅन्सरची गाठ रुजली की रक्ताची सोय स्वतःच करते. या कॅन्सरच्या बहुतेक गाठींत व्हीएचएल हा जनुक निकामी झालेला असतो. त्यामुळे ऑक्सिजन भरपूर असूनही पेशी तो कमी पडल्यासारखी वागते आणि नव्या रक्तवाहिन्या मागवत राहते. पॅथॉलॉजिस्ट म्हणून स्लाइडवर हे पाहताना मी अजूनही थबकतो. पेशी आतून रिकाम्या, काचेसारख्या स्वच्छ दिसतात, कारण त्यांतली चरबी आणि ग्लायकोजेन स्लाइड तयार करतानाच निघून गेलेलं असतं. पेशींच्या प्रत्येक घोळक्याभोवती नाजूक भिंतींच्या रक्तवाहिन्यांची वेलबुट्टी, आणि मधूनमधून सांडलेलं रक्त. नाकातल्या या गाठीचं पहिलं लक्षण बहुधा घोळणा फुटणं का असतं, हे त्या काचेवर स्पष्ट दिसतं. ओपीडीत सहज बायोप्सी घ्यायला गेलं तर रक्त आवरता आवरत नाही, तेही यामुळेच.

उन्हाळ्यात मुलांचा घोळणा फुटतो तो नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागातून. त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही, उगाच घाबरू नका. पण कॅन्सरमुळे ज्यांची किडनी काढलेली आहे, त्यांना एक विनंती. हा आजार दहा-पंधरा वर्षं गप्प राहून पुन्हा डोकं वर काढू शकतो. नाकाच्या एकाच बाजूने वारंवार रक्त येऊ लागलं किंवा एकच नाकपुडी चोंदून राहिली, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना त्या जुन्या ऑपरेशनबद्दल आपणहून सांगा. नाकाच्या तक्रारीत किडनीचं कशाला काढायचं, म्हणून गप्प बसू नका. डॉक्टरांना ते आधी कळलं, तर ते बायोप्सीआधी स्कॅन करतील आणि रक्ताची तयारी ठेवतील. बायोप्सीच्या फॉर्मवर ती एक ओळ असली, तर आम्हा पॅथॉलॉजिस्टनाही कुठली तपासणी लावायची ते पहिल्याच दिवशी कळतं.