धुरातला वायू पकडणारे द्रव

खाण्याचा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवा. सकाळी वरची निवळी दुसऱ्या भांड्यात अलगद ओता आणि नळीने तिच्यात हळूहळू फुंका. (निवळी तोंडात जाऊ देऊ नका.) थोड्याच वेळात ती दुधाळ होईल. तुमच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड चुन्याने पकडला!

मग पृथ्वीचे तापमान वाढवणारा हा वायू धुराड्यातच असा का पकडू नये? अडचण अशी, की चुना पकडलेला वायू सहजी सोडत नाही. त्यासाठी त्याला सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. आपल्याला हवा थंडपणी वायू धरणारा आणि थोडे तापवताच सोडणारा द्रव; म्हणजे तो पुन्हापुन्हा वापरता येईल.

असे सेंद्रिय द्रव म्हणजे अमाइने. अमोनियाच्या रेणूतील हायड्रोजनच्या जागी कार्बनयुक्त गट आला की अमाइन बनते. मोनोइथेनॉलअमाइन हे त्यांतले सुपरिचित. उंच मनोऱ्यात त्याचे द्रावण वरून झिरपते आणि खालून सुमारे ४० अंशांचा धूर चढतो. अमाइनचे दोन रेणू मिळून वायूचा एक रेणू धरतात. दुसऱ्या मनोऱ्यात द्रावण सुमारे १२० अंशांपर्यंत तापवले, की वायू मोकळा होतो.

धूर मनोऱ्यात फार वेळ थांबत नाही. म्हणून ही क्रिया किती वेगाने होते, याला महत्त्व. या विषयावर केंब्रिजचे डँकवर्ट्‌स आणि मुंबईच्या माटुंग्यातील रसायन तंत्रज्ञान संस्थेत पुढे नावाजलेले प्राध्यापक मनमोहन शर्मा यांनी १९६६ साली लिहिलेला लेख जगभर वापरला गेला.

आता आपल्या भागाकडे वळू. लातूर-नांदेडकरांना परळीचे औष्णिक विद्युत केंद्र परिचित आहे. तेथील २५० मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला, तर ६० लाख युनिट वीज होते. कोळशाच्या विजेमागे युनिटला साधारण एक किलो वायू धरा. म्हणजे दिवसाला ६,००० टन! मध्य प्रदेशातील विंध्याचल केंद्रात २०२२ साली अमाइन वापरणारा संच सुरू झाला. त्याची क्षमता दिवसाला २० टन.

एवढा फरक का? पकडणे सोपे, सोडवणे महाग! नेहमीच्या द्रावणात सुमारे ३० टक्के अमाइन आणि ७० टक्के पाणी असते. पाण्याची विशिष्ट उष्णता मोठी. ते तापवण्यात पुष्कळ वाफ खर्ची पडते आणि तेवढी वीज घटते. शिवाय द्रावण पुन्हा थंड करायलाही पाणी लागते. परळीचे केंद्र २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, आणि २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. तेव्हा मराठवाड्यात हा खर्च किरकोळ नव्हे.

म्हणून शास्त्रज्ञ द्रावणातील बरेचसे पाणी काढून त्या जागी कमी उष्णता घेणारे सेंद्रिय द्रावक वापरून पाहत आहेत. पण वायू धरला की यांतली बरीच मिश्रणे काकवीसारखी दाट होतात व मनोऱ्यात नीट वाहत नाहीत. उष्णता वाचवणारा, पातळ राहणारा आणि स्वस्त असा द्रव अजून हवाच आहे. तुमच्यापैकी कुणी रसायनशास्त्राकडे वळणार असाल, तर हे कोडे आतापासूनच वहीत लिहून ठेवा!