आखाजीचा झोका आणि गव्हाची पेटी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर भडगावहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. झोका अगदी उंच गेला की घरातली मोठी माणसं ओरडतात, ‘पुरे, फांदी मोडेल!’ उंचावर असताना फांदीवर खरंच जास्त जोर येतो का?

ओरडणं योग्य आहे, फक्त ते चुकीच्या क्षणी होतं. वरच्या टोकाला झोका पळभर थबकतो आणि तेव्हा दोरावर सगळ्यात कमी ताण असतो. दोर उभ्या रेषेपासून ६० अंश कलला असेल, तर टोकाला ताण मुलीच्या वजनाच्या निम्माच भरतो. तिथून सुटून ती जमिनीलगत आली की तोच ताण वजनाच्या दुप्पट होतो. मुलगी ४० किलोची असेल तर फांदीला त्या क्षणी ८० किलो पेलावे लागतात. कोणी बहाद्दरणीनं दोर पार आडवा होईपर्यंत झोका नेला, तर तळाशी तिप्पट, म्हणजे १२० किलो. वेगात असलेल्या मुलीला सरळ निसटून जायचं असतं. तिला कमानीत वळवत ठेवायला दोराला हा जादा जोर लावावा लागतो. म्हणजे फांदी मोडलीच तर झोका खाली असताना मोडेल. (समोरासमोर उभ्या राहून दोघी झोका घेणार असतील तर सगळे आकडे दुप्पट धरा, आणि कडुनिंबाची फांदी आधी नीट पारखून घ्या.)

या एका झोक्यात किती बलं आहेत? पृथ्वीची ओढ, दोराचा ताण, पाटाचा खालून आधार, हवेचा अडथळा, दोर फांदीला घासतो तिथलं घर्षण आणि मागून ढकलणाऱ्या मैत्रिणीचा हात. शाळेच्या पुस्तकात प्रत्येकाचं नाव वेगळं, प्रश्नही वेगळे. प्रत्यक्षात पृथ्वीची ओढ वगळली तर बाकीची सगळी एकाच घराण्यातली आहेत. अणूंमधल्या विद्युतभारांची ओढाताण कधी दोराच्या तंतूंना धरून ठेवते, कधी पाटातून आरपार जाऊ देत नाही, कधी हाताचा रेटा पाठीला पोचवते. निसर्गातल्या चार मूलभूत बलांपैकी दोन तर अणूच्या गाभ्याबाहेर आपल्या अनुभवाला येतच नाहीत. घरात, शेतात, एसटीत आपला संबंध उरलेल्या दोघांशी. आणि त्यातलं गुरुत्वाकर्षण हे अगदीच दुबळं. फ्रिजवरचं चुंबक टाचणी उचलतं, तेव्हा दुसऱ्या बाजूनं अख्खी पृथ्वी ओढत असते आणि तरी ती हरते.

पण मला झोक्यातली दुसरीच गोष्ट जास्त आवडते. दोर ५ मीटरचा असेल तर लहानशा हेलकाव्याला जाऊन-येऊन साधारण साडेचार सेकंद लागतात. पाटावर सहा वर्षांची नात बसो की तिची आजी, वेळ तीच. आजीला पृथ्वी जास्त जोरानं ओढते हे खरं, पण तिला हलवायलाही तेवढंच जास्त बल लागतं, त्यामुळे हिशेब फिटतो.

हे न्यूटननं मुद्दाम तपासून पाहिलं. १६८७च्या ‘प्रिन्सिपिया’च्या तिसऱ्या भागात तो प्रयोग आहे. त्यानं दोन सारख्या लाकडी पेट्या ११ फूट लांब दोऱ्यांना टांगल्या. एकीत लाकूड भरलं आणि दुसरीत तेवढ्याच वजनाचं सोनं, मग चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, पाणी आणि चक्क गहू! पेट्या कितीतरी वेळ बरोबरीनं झुलत राहिल्या. हजारात एका भागाचा फरक असता तरी तो दिसला असता, असं त्यानं लिहून ठेवलं. सफरचंदाची गोष्ट पोराटोरांना पाठ असते, ही गव्हाची पेटी मात्र कोणी सांगत नाही. न्यूटन खानदेशात जन्मता तर त्यानं दादर ज्वारी भरली असती.

इथे भास्कराचार्यांचं नाव काढावंच लागतं, कारण ‘न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी गुरुत्वाकर्षणाचा शोध चाळीसगावजवळ लागला’ हा संदेश आपल्या मोबाइलवरही येऊन गेला असेल. भास्कराचार्यांचा जन्म १११४चा, ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५०चा. त्यातल्या गोलाध्यायात पृथ्वीला आकर्षणशक्ती असल्याचं स्वच्छ लिहिलं आहे. पण ब्रह्मगुप्तानं तसं सातव्या शतकातच म्हटलं होतं. आणि ओढ आहे असं म्हणणं वेगळं, ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते आणि चंद्रालाही तीच लागू पडते हे आकड्यांनी दाखवणं वेगळं. दुसरं काम न्यूटनचं. संदेश पुढे पाठवणारे ‘शोध’ शब्दावर खूश होतात आणि ग्रंथातला खरा ऐवज तसाच राहतो.

तो ऐवज म्हणजे भास्कराचार्यांची वाद घालण्याची रीत. पृथ्वीला शेषाचा किंवा हत्तीचा आधार असेल तर त्या आधाराला कोणाचा आधार? कुठेतरी थांबून ‘हा स्वतःच्या शक्तीनं उभा आहे’ म्हणावंच लागणार, मग ते पृथ्वीबद्दलच का म्हणू नये? गोलाच्या पलीकडच्या बाजूची माणसं पडत का नाहीत, या प्रश्नाला त्यांनी तळ्याकाठच्या माणसाचं पाण्यातलं प्रतिबिंब दाखवलं: डोकं खाली, पण तीही आपल्यासारखीच निवांत राहतात. चहूकडे सारखंच आकाश असताना पृथ्वीनं पडायचं तरी कुठल्या दिशेला, हा सवाल तर आजच्या भौतिकीच्या वर्गातही शोभेल.

एका ठिकाणी मात्र त्यांची गाडी अडते. पृथ्वी सतत खाली पडते आहे, असं एक बौद्ध मत त्यांनी खोडलं आहे. वर फेकलेला दगड परत जमिनीवर येताना दिसतो, मग जमीन पडते कशी? या युक्तिवादामागे समजूत आहे की जड वस्तू हलकीपेक्षा वेगानं पडते, म्हणून पडत्या पृथ्वीला दगड कधीच गाठू शकणार नाही. आजी आणि नात सारख्याच वेळात झुलतात, तिथेच ही समजूत कोसळते. आणि पृथ्वी खरोखरच पडते आहे, सूर्याकडे. फक्त ती आडवीही सेकंदाला ३० किलोमीटर धावते, त्यामुळे सूर्यावर आदळत नाही, आणि आपण दगडांसकट तिच्याबरोबर पडत असतो. त्या वादात दोन्ही पक्षांना हे सुचणं शक्य नव्हतं.

याच आचार्यांनी पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरून आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाचीही कृती दिली आहे. ते चाक फिरणार नाही. ढकलणारी दमली की घर्षण आणि हवा झोक्याला थांबवतात, तशीच पाऱ्याच्या चाकालाही थांबवतील. ‘फुकट वीज’ देणाऱ्या यंत्रांचे व्हिडिओ बघणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

भास्कराचार्यांचा गाव नेमका कोणता यावर विद्वानांत वाद आहेत. पण भडगावच्या शेजारच्याच चाळीसगाव तालुक्यात, पाटणादेवीच्या परिसरात, एक शिलालेख आहे आणि डॉ. भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला १२०७च्या सुमारास त्यानं इथे मठ काढला. लेखाचा वरचा भाग संस्कृतात आहे आणि शेवटी जुन्या मराठीत खर्चाची तजवीज लिहिली आहे. पाटणच्या बाजारात माल विकायला आला की गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर यापुढे मठाला द्यायचा.