सगळ्यांचा टीव्ही आणि आमच्या आई

धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी २०२२च्या हिवाळ्यात मी दोन महिने इंग्लंडला, लेस्टरला राहून आले. ‘काय काय पाहिलंस गं तिकडे?’ असं बचत गटातल्या बायका अजून विचारतात. खरं सांगू? बाहेर कडाक्याची थंडी, मांडीवर बाळ आणि बहीण दमून झोपलेली. मी पाहिला तो टीव्ही! त्यातही ‘बीबीसी वन’ ही एकच वाहिनी.

सकाळी सहाला ‘ब्रेकफास्ट’ सुरू व्हायचा. बातम्या, हवामान, पाहुण्यांशी गप्पा. मग लिलावात पडकं घर घेऊन ते राहण्याजोगं करणाऱ्यांचा एक कार्यक्रम. दुपारी ‘बार्गेन हंट’. त्यात लाल आणि निळा असे दोन संघ. प्रत्येकाला ३०० पौंड मिळतात. जुन्या वस्तूंच्या बाजारात हिंडून खरेदी करायची आणि त्याच वस्तू लिलावात विकायच्या. कितीदा तरी तोटाच होतो, पण माणसं हसत घरी जातात. एकला पुन्हा बातम्या.

संध्याकाळी ‘पॉइंटलेस’ नावाची प्रश्नमंजूषा. तेच प्रश्न आधी १०० जणांना विचारलेले असतात. उत्तर बरोबर हवं, पण त्या शंभरातल्या एकालाही न सुचलेलं असेल तर सगळ्यात भारी! आणि साडेसातला ‘ईस्टएंडर्स’. ही मालिका १९८५पासून चालू आहे. पूर्व लंडनमधल्या एका काल्पनिक चौकातली घरं, तिथली भांडणं, जुळलेली नि मोडलेली लग्नं. भाषा परकी, पण आपण कपाळाला हात लावतो त्या जागा अगदी आपल्याच!

गंमत म्हणजे मध्ये साबण-तेलाची एकही जाहिरात नाही. थेट प्रक्षेपण पाहणाऱ्या घराला तिथे वर्षाची लायसन्स फी भरावी लागते. २०२५मध्ये ती १७४.५० पौंड होती, म्हणजे आपले वीस हजारांच्या आसपास. पैसा घराघरातून येतो, म्हणून घरातल्या प्रत्येकाची आठवण ठेवावी लागते. बीबीसीचा टीव्ही १९३६मध्ये सुरू झाला. पुढे १९५७पर्यंत तिथे संध्याकाळी सहा ते सात टीव्ही चक्क बंद असायचा. का, तर आयांना लहान मुलांना झोपवता यावं म्हणून! मला लगेच आपल्या सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव आठवलं. २०२२मध्ये तिथे रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला आणि मुलांच्या अभ्यासासाठी दीड तास टीव्ही-मोबाइल बंद होऊ लागले.

पण माझ्या मनाला लागलं ते वेगळंच. मी बी.ए. झाले तरी त्यांचं भराभर इंग्रजी मला काही केल्या कळेना. मग बहिणीनं रिमोटचं एक बटण दाबलं आणि बोललेलं सगळं खाली अक्षरांत उमटायला लागलं. मी खूश! बहीण म्हणाली, “ताई, ही सोय मुळात कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आहे गं.”

तिनंच मग रोझ आयलिंग-एलिस या नटीबद्दल सांगितलं. तिला ऐकू येत नाही. तिनं ‘ईस्टएंडर्स’मध्ये काम केलं आणि २०२१मध्ये बीबीसीची नृत्यस्पर्धाही जिंकली. त्यातल्या एका नाचात मध्येच संगीत थांबलं आणि ती नि तिचा जोडीदार त्या शांततेत नाचत राहिले. २०२२मध्ये बीबीसीच्याच छोट्यांच्या वाहिनीवर तिनं खुणांच्या भाषेत गोष्ट सांगितली.

ते ऐकताना मला आमच्या दूरदर्शनवरच्या, रविवार दुपारच्या कर्णबधिरांसाठीच्या बातम्या आठवल्या. आम्ही भावंडं त्या हातवाऱ्यांची नक्कल करून लोळून हसायचो. आता हसू आलं नाही.

कारण डोळ्यांसमोर माझ्या सासूबाई आल्या. त्या टीव्हीचा आवाज मोठा करायच्या आणि आम्ही सगळे ओरडायचो, “आई, आवाज कमी करा, मुलांची परीक्षा आहे!” हळूहळू त्यांनी रिमोटला हात लावणंच सोडलं. रोज रात्री त्या आमच्यासोबत बसायच्या, आम्ही हसलो की हसायच्या. मी गावभर बायकांच्या आरोग्य शिबिरांना जाते, पण घरातल्या या माणसाला वर्षानुवर्षं काही ऐकू येत नाही, हे मला कळलं नव्हतं. की कळूनही वळलं नव्हतं?

परत आल्यावर आठवड्याभरात त्यांचे कान तपासून घेतले. मशीन आलं. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, “अगं, कुकरची शिट्टी एवढी मोठी असते होय?” मशीननं सगळंच ऐकू येतं असं नाही. मग जाहिराती लागल्या की माझी लेक त्यांच्या शेजारी सरकते आणि तोवर काय झालं ते सांगते. आई अधूनमधून तिला थांबवून विचारतात, “पण ती सून गप्प का बसली?”

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही टीव्हीचा आवाज मोठा करण्यावरून कुणी बोलणी खात असेल. आज रात्री रागावण्याआधी त्यांच्याजवळ बसून एकदा विचारा, “तुम्हाला ऐकू येतंय ना?”