छातीतली पाण्याची गाठ

गटाच्या बैठकीत कुत्र्याचा विषय निघाला की बोलणं चावण्यावर येतं. आज आम्ही सांगणार आहोत, कुत्रा न चावताही येणारं दुखणं: हायडॅटिड, म्हणजे पाण्याने भरलेली गाठ.

कुत्र्याच्या आतड्यात अर्ध्या सेंटिमीटरएवढा जंत असतो. त्याची अंडी विष्ठेतून गवताला, भाजीला, कुत्र्याच्या केसांना लागतात. मेंढ्या-शेळ्या ती चरताना गिळतात. न धुतलेल्या कोथिंबिरीतून किंवा कुत्र्याला कुरवाळलेल्या हातांनी जेवताना ती आपल्याही पोटात जातात. गाठी बहुतेक यकृतात होतात, त्याखालोखाल फुफ्फुसात. हृदयात होते ती शंभरात एखाद-दोघांना.

पण तिथली गाठ जिवावर बेतते. वर्षानुवर्षं ती गुपचूप वाढते. मग धडधड, धाप, छातीत दुखणं सुरू होतं आणि आपण म्हणतो, पित्त झालं असेल. गाठ फुटली तर तिचे तुकडे रक्तातून मेंदूत जाऊन लकवा होऊ शकतो. हृदयाभोवतीच्या पिशवीत फुटली तर हृदय आवळलं जातं. कधी अंगभर ॲलर्जी उठून रक्तदाब कोसळतो. फुफ्फुसातली फुटली तर खोकल्यातून खारट पाणी आणि द्राक्षाच्या सालीसारखे पापुद्रे पडतात. टीबी समजून चालू नका.

छातीत एकदम कळ आली तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. जुनी धाप असेल तर डॉक्टरांना घरच्या कुत्र्या-मेंढ्यांबद्दल आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही. एक्स-रे, सोनोग्राफी आणि हृदयाची टू-डी इको यांवरून गाठीचा माग लागतो. उपाय शस्त्रक्रियेचा, जोडीला बरेच दिवस औषध. जंताची एखादी गोळी घेऊन ही गाठ जात नाही.

आता परसदारी या. जत्रेला बकरं कापलं की गाठी असलेलं काळीज, फोपसं आपण कुत्र्यापुढे टाकतो. जंताला हेच हवं असतं! चाकणच्या बाजारातून आणलेलं बकरं बाहेरून धडधाकट दिसलं, तरी आत गाठ असू शकते. आइसलँड नावाच्या थंड देशात हा आजार घरोघर होता. 1864 मध्ये तिथे याच गोष्टी सांगणारी पुस्तिका वाटली गेली, पुढे कायदा झाला, आणि आजार हटला.

म्हणून असं काळीज-फोपसं खोल पुरा किंवा जाळा. कुत्र्याला जंताचं औषध पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठरावीक काळाने द्या. औषध दिल्यावर दोन दिवस त्याला बांधून ठेवा आणि त्याची विष्ठा उकिरड्यावर न टाकता पुरा.