तीनचाकी स्कूटर आणि पायाची जुनी सवय

गेल्या पावसाळ्यात आमचे जुने रुग्ण असलेले एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. मधुमेहातील जखम चिघळल्यामुळे वर्षापूर्वी त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. मोटारसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबायचा असतो. म्हणून त्यांनी आपली जुनी गाडी विकली आणि मागे दोन्ही बाजूंना जोडचाके बसवलेली, हातातच दोन्ही ब्रेक असलेली बिनगिअरची स्कूटर घेतली. हिलाच आपण तीनचाकी म्हणतो. "डॉक्टरसाहेब, आता पडायची भीती नाही," असे ते मोठ्या उत्साहाने म्हणाले होते. त्या दिवशी मात्र त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा रक्ताळलेला होता, आणि मोजा काढेपर्यंत त्यांना त्याचा पत्ताही नव्हता!

झाले असे, की चौकात गाडी पुरती थांबण्याआधीच सवयीने डावा पाय खाली टेकला व जोडचाक त्यावरून गेले. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेली, त्यामुळे वेदना जाणवली नाही. असा पाय अधिक जपावा लागतो, कारण तो एकच उरलेला असतो.

तोल सांभाळण्याचे काम लहान मेंदू आपल्या नकळत करतो. वर्षानुवर्षांची ही सवय एका दिवसात जात नाही. दुचाकी वेगात असताना डावीकडे वळण्यासाठी आपण नकळत डावी मूठ क्षणभर पुढे रेटतो. त्यामुळे गाडी डावीकडे कलते आणि वळते. तीनचाकी कलत नाही. तिची डावी मूठ पुढे रेटली, तर ती सरळ उजवीकडे जाते! तिचे हँडल रिक्षासारखे जिकडे वळायचे तिकडेच फिरवावे लागते. वेगात वळल्यास आतले चाक उचलले जाऊन गाडी उलटू शकते.

म्हणून पहिले दोन-तीन आठवडे मोकळ्या मैदानावरच सराव करावा. वेग वळणाआधी कमी करावा, वळणात ब्रेक दाबू नये आणि अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवावे. रस्ता कडेला उतरता असल्याने गाडी डावीकडे ओढली जाते. त्याने घाबरू नये. मागची रुंदी लक्षात ठेवावी. पाय नेहमी फळीवरच असावा.

मधुमेहींनी पुढून बंद असलेली पादत्राणे वापरावीत आणि रोज रात्री तळवा आरशात पाहावा. इन्शुलिन घेऊन उपाशीपोटी गाडी चालवू नये. दृष्टी तपासून घ्यावी. जोडचाकांची नोंद आर.टी.ओ.कडे करावी, हेल्मेट तर हवेच.

गुरुजींची जखम भरायला दीड महिना लागला. आता नातू मागे बसतो आणि चौक जवळ आला, की ओरडतो, "आजोबा, पाय वर!" माझ्या औषधापेक्षा याच सूचनेचा त्यांना अधिक उपयोग झाला, हे मी मोकळेपणाने कबूल करतो.